मुकी पिकअप

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. घरी जुन्या दिवसांचा विषय निघाला की जंगलाच्या, तेंदूपत्त्याच्या, रस्त्यात आडव्या आलेल्या अस्वलाच्या गोष्टी मी रंगवून सांगत असे, आणि पिकअपपाशी आलो की पाणी प्यायला उठत असे. आता सांगतोय तेही त्या माणसावर माया होती म्हणून नाही. ती कधीच नव्हती. आजही तो आठवला की आधी राग येतो, लाज त्याच्या मागून येते. मी कोणाची नावं लिहीत नाही. पण नागभीडकडच्या एका गावात एका घराला अजून ‘रॉकेलवाल्याचं घर’ म्हणतात. जे तसं म्हणतात त्यांना मी कोणाबद्दल लिहितोय ते कळेल.

मी भद्रावतीचा. तिथल्या एका गॅरेजात काम शिकलो आणि ऐंशी सालानंतर मुलचेऱ्याच्या अलीकडे, एका लाकूड ठेकेदाराच्या डेपोवर मिस्त्री म्हणून लागलो. ठेकेदाराला सगळे सेठ म्हणत. उन्हाळ्यात सेठ तेंदूपत्त्याचाही ठेका घेई. डेपोवर दोन ट्रक होते आणि एक पिकअप. पिकअप सैन्याच्या लिलावातली, पेट्रोलवर चालणारी, माझ्याहून वयानं मोठी. हँडल मारल्याशिवाय ती चालू होत नसे, आणि हँडल उलटं बसलं तर मनगट मोडत असे. पण जिथे ट्रक जाऊ शकत नव्हते त्या टोल्यांपर्यंत, जंगलातल्या छोट्या वस्त्यांपर्यंत, तीच जाई.

तिचा ड्रायव्हर म्हणजे हा माणूस. नागभीडकडचा, धानाच्या गावातला, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. गाडी मी येण्याच्या आधीपासून त्याच्या हाती होती. तो तिच्यातच जेवायचा, तिच्यातच झोपायचा, आणि तिला पाना लावणारा प्रत्येक मिस्त्री त्याला सवतीसारखा वाटायचा.

त्याची एक पद्धत होती. कुठलंही काम झालं की तो गाडी ‘पास’ करायचा. इंजिन चालू ठेवून बांबूची एक लांब कामटी घ्यायची, तिचं एक टोक दातांत धरायचं, दुसरं इंजिनाच्या कव्हरवर टेकवायचं, आणि डोळे मिटून उभं राहायचं. दातांतून आवाज कवटीत जातो, कानापेक्षा स्वच्छ ऐकू येतो. हमाल, आरागिरणीवरचे मजूर, चहावाली बाई, सगळे तेवढ्यापुरतं काम सोडून जमत. त्यानं डोळे उघडून निकाल दिला की पांगत.

माझा निकाल नेहमी वाईट लागे.

“का बे फॅक्टरीवाले,” तो कामटी काढून थुंकत म्हणायचा, “तिसरीची जीभ किती लंबी ठेवली? अख्ख्या जंगलाले शिव्या देऊन राह्यली.”

माझे वडील भद्रावतीच्या फॅक्टरीत होते, म्हणून मी फॅक्टरीवाला. तिसरी म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं टॅपेट, व्हॉल्वची झडप दाबून उघडणारा भाग.

“इंजिन जुनं हाय भाऊ. वाजनारच.”

“इंजिन जुनं हाय, मिस्त्री नवा हाय. कोन वाजून राह्यलं ते समजते मले.”

चहावाली बाई तोंडाला पदर लावायची. “मिस्त्री, तुह्या गाडीपेक्षा माहा स्टोव्ह बरा. थो तरी चूप जळते.”

टॅपेटचं काम वरवर सोपं. व्हॉल्व तापला की लांबतो. त्याला लांबायला जागा लागते, म्हणून त्याच्या टोकाशी केसाएवढी फट सोडायची. फट मोजायला पोलादाच्या पातळ पट्ट्या असतात. पट्टी फटीतून जराशी अडत सरकली की झालं, लॉकनट आवळायचा. फट जास्त झाली तर टकटक वाजतं. कमी झाली तर काहीच वाजत नाही, पण तापलेला व्हॉल्व पुरता मिटत नाही आणि आतली आग त्याच्या कडेतून वाट काढते. वाजणारी गाडी वर्षानुवर्षं चालते. न वाजणारी जळते. हे मला नीट माहीत होतं. न कळता झालं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

त्या माणसानं माझं नाव ‘टकटक्या’ ठेवलं. आधी डेपोवर चाललं, मग आजूबाजूच्या टोल्यांवर. एकदा मुलचेऱ्याच्या बाजारात मी कांदे घेत होतो. ज्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं अशा एका दुकानदारानं विचारलं, “टकटक्या मिस्त्री तुमीच का जी?” कांदे तसेच ठेवून मी परत आलो. पुढच्या वेळी त्याचे दात बांबूला लागतील तेव्हा त्यांना काही म्हणजे काही ऐकू येणार नाही, असं मी ठरवलं.

तेंदूच्या हंगामाआधी तो नात्यातल्या एका लग्नाला गावी गेला. गाडी माझ्या ताब्यात आली. मी कव्हर उतरवलं, हँडलनं इंजिन फिरवत एकेक टॅपेट घेतलं आणि फट पार मिटवत आणली. तिसऱ्याच्या एक्झॉस्टला, धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्वला, तर सगळ्यांत पातळ पट्टीसुद्धा शिरेना. तरी लॉकनट आवळला. मग इंजिन चालू केलं. सुंदर वाटलं. माझ्या हातून एवढं शांत इंजिन त्याआधी झालं नव्हतं.

तो परत आला. माणसं जमली. त्यानं कामटी दातांत धरली, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिला. कामटी तिसऱ्यावरून चौथ्यावर, पुन्हा तिसऱ्यावर.

“मुकी केली बे तू गाडी.”

“वाजते म्हनून बोंबलत होते न भाऊ? आता नाई वाजत.”

“थोडं बोललं पायजे टॅपेट. ढिलं कर.”

“नाई करत.”

“जळन व्हॉल्व.”

“जळला त माह्या मिशा काढून देतो तुमाले.”

लोक हसले. त्या डेपोवर पहिल्यांदा लोक माझ्या बाजूनं हसले. तो सेठकडे गेला. हंगाम तोंडावर आला होता, सेठला पिकअप हवी होती. “अरे, बजती तब भी रोता, नई बजती तब भी रोता,” सेठ म्हणाला. “ले जा गाडी.” सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

हंगाम निम्मा झाला तोवर पिकअप चढाला दमायला लागली होती. तो रोज येऊन सांगे, मी रोज सांगे की तुम्हाला गिअर टाकता येत नाही. एकदा तर तो पाना घेऊन स्वतःच कव्हर उघडायला बसला. मी पाना हिसकला आणि सेठसमोर ओरडलो की ड्रायव्हरनं इंजिनाला हात लावला तर यापुढे जबाबदारी माझी नाही. सेठनं त्यालाच झापलं.

मग एका दुपारी पत्त्याची पोती घेऊन फडावरून, पत्ता गोळा होतो तिथून, येताना चढावर गाडीनं जीव सोडला. वजन कमी झालं तर चढेल म्हणून त्यानं पोती रस्त्याकडेला उतरवली. मे महिना, जंगल कोरडं ठक्क. रस्त्याच्या पलीकडच्या जंगलातून वणवा आला. रस्ता ओलांडून तो पोत्यांना लागला. गाडी त्यानं ब्रेक सोडून उताराला मागे घेतली, म्हणून ती वाचली. मग परत जाऊन पोती ओढत बसला. किती वाचली असतील ती असतील. त्याचे दोन्ही तळहात मात्र सोलले गेले.

दुसऱ्या दिवशी ट्रकनं पिकअप ओढून आणली. तो दवाखान्यात होता. सेठ संध्याकाळी येणार होता. भर दुपारी शेडमध्ये मी एकटा होतो. मी कव्हर उघडलं, तिसऱ्याचा लॉकनट सैल केला, फट बरोबर पट्टीएवढी केली, नट पुन्हा आवळला. बाकीचीही सगळी नीट करून ठेवली. हात अजिबात कापले नाहीत. कापले असते तर आज लिहायला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी सेठ आला, माणसं आली, तोही आला. दोन्ही हातांना पांढऱ्या पट्ट्या. आल्या आल्या म्हणाला, “सेठजी, आधी टॅपेट पाहा. यानं कसून ठेवले हायेत. मी तवाच सांगितलं होतं.”

मी पट्टी सेठच्या हातात दिली. सेठनं स्वतः ती घातली. हँडल फिरवत गेलो तशी प्रत्येक टॅपेटमधून पट्टी जराशी अडत सरकली.

“ये तो बराबर है,” सेठ म्हणाला.

मग मी हेड उतरवलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्वची कड जळून तुकडा गेला होता, उंदरानं भाकरी कुरतडावी तसा.

“मग काऊन जळला?” डेपोच्या मुकादमानं विचारलं.

पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळलं तरी इंजिन तापतं आणि व्हॉल्व जळतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ड्रायव्हर पेट्रोल काढून विकतात आणि टाकीत रॉकेल ओततात, हेही. आणि याच्या सीटखाली रॉकेलचा डबा असे. वाटेत भात शिजवायला त्याच्याकडे स्टोव्ह होता, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. मी फक्त त्या सीटकडे पाहिलं आणि म्हणालो, “रॉकेल.”

मुकादमानं डबा काढून बाहेर ठेवला. तेवढं पुरलं.

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. त्यानं इंजिनावरून काढून ठेवलेल्या रॉकरकडे, टॅपेटचे नट असलेल्या दांडीकडे, पाहिलं. सगळं लोखंड तेलकट काळं, आणि लॉकनटाच्या कोपऱ्यांवर पान्याचे ताजे, चमकते ओरखडे. हेड उतरवायला ते नट सोडावे लागत नाहीत. ते पाहून त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं आणि त्याला कळलं हे मला कळलं. पण सेठला नट आणि ओरखडे काय सांगणार? त्याच्या बांधलेल्या हातांना ती गोष्ट उचलून दाखवताही येत नव्हती.

“चोर,” सेठ म्हणाला. “चाबी रख.”

किल्ली त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती. ती त्याला काढता येईना. मुकादमानं काढून घेतली.

जाताना तो माझ्यापाशी थांबला. काखेत धरलेली कामटी त्यानं माझ्या पायांपाशी सोडली. “ठेव तुले. कान त नाईच तुले, दात तरी हायेत.”

मी ती कामटी चहावाल्या बाईच्या स्टोव्हशेजारच्या चुलीत घातली. बाईनं माझ्याकडे पाहिलं, पण त्या दिवशी ती स्टोव्हवरून काही बोलली नाही.

त्यानंतर मुलचेरा, आलापल्लीकडे कोणी त्याला गाडी दिली नाही. ट्रकवाल्यांच्या तोंडून रॉकेलची गोष्ट नागभीडपर्यंत गेली. तिथेही दिली नाही. ज्यानं आयुष्यात स्टिअरिंगशिवाय काही धरलं नव्हतं तो माणूस राइस मिलमध्ये कोंडा भरायला लागला. मी पुढे चंद्रपूरला स्वतःचं गॅरेज टाकलं. शांत इंजिनाचा मिस्त्री म्हणून लोक माझ्याकडे येत. तरी टॅपेट मी नेहमी थोडं बोलतं ठेवत असे. गिऱ्हाईक कुरकुरलं तर सांगत असे, मुकी गाडी चांगली नसते. त्याचंच म्हणणं. तेही माझ्या नावावर खपलं.

बऱ्याच वर्षांनी मी माझी जुनी जीप घेऊन त्याच्या गावी गेलो. तो अंगणात बाजेवर बसला होता. तळहातांची कातडी गुळगुळीत, रेषा नसलेली. त्याच्या बायकोनं मला ओळखलं नाही, पाणी दिलं. त्यानं ओळखलं.

“काऊन आला?”

“इकडून जाऊन राह्यलो होतो भाऊ.”

“इकडून कुठी रस्ता जात नाई. हे गाव शेवटचं हाय.”

 जीप चालूच ठेवली होती. बंद केली असती तर बसावं लागलं असतं. त्यानं मान वळवून ऐकलं.

“दुसरीची जीभ लंबी हाय.”

“हो.”

“सुधरला नाईस तू.” मग म्हणाला, “बोल न बे. इतक्या दुरून पानी प्याले त नाई आला.”

त्याची बायको दारात उभी होती, एक नातू खांबाला धरून होता. मला बोलायचं होतं. मी उठलो, जीप बंद केली, बॉनेट उघडलं आणि त्याच्या अंगणात इंजिन निवायची वाट पाहत उभा राहिलो. मग दुसऱ्याचं टॅपेट बसवलं. तो बाजेवरून पाहत होता. मी पुन्हा चालू केल्यावर त्यानं मान हलवली नाही, नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. मी हात पुसले, येतो म्हणालो आणि निघालो. मागून तो बायकोला मोठ्यानं म्हणाला, मला ऐकू यावं म्हणूनच, “टकटक्या होता. आताबी घाबरते.”

दोन पावसाळ्यांनी तो गेल्याचं कळलं. त्या अंगणात मला बोलायचं होतं ते लांब नव्हतं. त्याच्या बायकोसमोर, त्या नातवासमोर, मोठ्यानं म्हणायचं होतं: भाऊ, टाकीत रॉकेल नव्हतं. टॅपेट मी कसून ठेवलं होतं, आणि तुमी दवाखान्यात असताना मीच ढिलं केलं. तुमी चोर नव्हते. मले माफ करा.