मवाळ बाटली, जहाल बाटली

सदर इसम, वय अठ्ठावन्न, बांधा काटक, ओळखीची खूण : कपाळावर कायमची आठी. व्यवसाय : चामड्याच्या सोफा-खुर्च्यांवर पडलेल्या शाईच्या डागांचे निर्मूलन. भाषा : तिरकस. सदर इसमाच्या हातून आजतागायत एकही चूक घडलेली नाही. साक्षीदार : सदर इसम.

गिऱ्हाइकं त्याला पाठीमागे फौजदार म्हणतात. तोंडावर काहीच म्हणत नाहीत, कारण तोंड उघडायची संधी तो देत नाही. दारात चपला काढतानाच त्याची तपासणी सुरू होते.

"काय लावलंत?"

"काही नाही हो. नुसतं ओल्या फडक्यानं..."

मग तो सोफ्यावर वाकतो, डोळे मिटतो आणि हुंगतो. "टूथपेस्ट. त्याच्यावर सेंट. मग नेलपॉलिश काढायचं पाणी. मी अजून तासभर उशिरा आलो असतो तर रॉकेलचाही नंबर लागला असता."

गिऱ्हाईक कबूल होईपर्यंत तो पिशवीची चेन उघडत नाही. एका बाईंनी कबूल व्हायला इतका वेळ लावला, की तो त्यांच्याच डागाळलेल्या खुर्चीत बसून त्यांचाच पेपर वाचत राहिला. पेपर संपायच्या आत बाईंनी हेअरस्प्रे मान्य केला.

पिशवीत कापूस असतो, मऊ ब्रश असतो आणि खोकल्याच्या औषधाच्या दोन जुन्या बाटल्या. एकीत मवाळ, दुसरीत जहाल; नावं त्यानेच ठेवलेली. मवाळ कापसावर घेऊन हलकं टेकवलं की बॉलपेनची शाई कापसात उतरते आणि चामड्याला पत्ताही लागत नाही. जहाल मात्र सोफ्याचा मूळ रंगच उतरवतं. नव्याने रंग द्यायचा असेल तेव्हाच ते बाहेर काढायचं. दोन्ही पाण्यासारखी नितळ आणि बाटल्या जुळ्या.

"अहो, एकेक चिठ्ठी तरी चिकटवा," बायको म्हणायची.

"लेबलं नाक नसलेल्यांसाठी असतात."

नाक बायकोलाही होतं, पण ते त्याच्या कामात खुपसायचं नाही असं लग्नानंतर लगेचच ठरलं होतं.

एकुलत्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या सासरी कॉफीच्या रंगाचा लांबलचक चामडी सोफा असल्याचं कळलं. उपदेश, आशीर्वाद वगैरे किरकोळ बाबी त्याने बायकोकडे सोपवल्या आणि लग्नाच्या दिवशी स्वतः मुलीच्या बॅगेत मवाळची एक बाटली भरून कोंबली. "कापसावर घ्यायचं. टेकवायचं. घासायचं नाही." लग्नाच्या प्रत्येक फोटोत तो नाकाला रुमाल लावून उभा आहे. असला माणूसही रडला, म्हणून पाहुणे हेलावून गेले होते. मुलगी तर सासरी सगळ्यांना त्यातला एक फोटो बोट ठेवून दाखवायची.

पुढे एकदा जावई शब्दकोडं सोडवता सोडवता सोफ्यावर झोपला. उघडं पेन त्याच्या कुशीखाली गेलं आणि चामड्यावर मुंगीएवढी रेघ उमटली.

"माझ्या बाबांचं औषध आहे ना," मुलगी मोठ्या दिमाखात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. एरवी त्या 'व्याहीबुवा, कसं काय' असं म्हणायच्या. या वेळी नुसतं "या" म्हणाल्या.

सोफ्याच्या मधोमध ताटलीएवढा पांढुरका चट्टा पडला होता. फौजदाराने सवयीने विचारलं, "काय लावलंत?"

"तुमचंच," विहीणबाई म्हणाल्या.

त्याने वाकून हुंगलं. जहाल. पुन्हा हुंगलं. पुन्हाही जहालच.

"आता का दातखीळ बसली?" विहीणबाई म्हणाल्या. "साऱ्या गावाची उलटतपासणी घेता ना? बाटली तुम्ही चुकीची भरलीत की पोरीनं आमच्या सोफ्याची वाट लावली, तेवढं एक सांगून टाका. म्हणजे जन्मभर कुणाला बोलायचं ते मला कळेल."

जावई पंख्याकडे बघत होता. पेन त्याचं होतं, हे एव्हाना कुणाच्या लक्षातही नव्हतं.

"मवाळच भरलं होतं मी," फौजदार म्हणाला. मग मुलीकडे न बघता, "घासलं असणार हिनं."

"बाबा, मी एकदाच टेकवलं."

"मवाळानं असं होत नाही. रगडल्याशिवाय होतच नाही."

मुलीने भिंतीकडे पाहिलं. सोफ्याच्या बरोब्बर वर तो फोटो होता, रुमालासकट.

"आई म्हणते, लग्नाच्या आठवड्यात तुम्हाला सर्दी झाली होती. चहाचासुद्धा वास येत नव्हता म्हणे. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, छे, बाबा रडत होते." तिने फोटोतल्या रुमालावर बोट ठेवलं. "सर्दी होती का, बाबा?"

विहीणबाईही फोटो निरखू लागल्या.

सर्दी होती. शिंकून शिंकून त्याचं डोकं भणभणत होतं आणि बाटली त्याने अंदाजाने भरली होती.

"तुझ्या आईला काय कळतंय?" तो म्हणाला. "रडत होतो मी."

उभ्या आयुष्यातला त्याचा हा पहिला कबुलीजबाब, आणि तो खोटा होता.

"ऐकलंस?" विहीणबाई सुनेवर कडाडल्या. "बाप बिचारा तुझ्यासाठी रडतो आणि तू त्याच्यावरच ढकलतेस?"

"नाही ढकलत," मुलगी म्हणाली. "मीच घासलं. दोन्ही हातांनी रगडलं." आणि ती आत निघून गेली. त्याला चहाचं कुणी विचारलं नाही.

फौजदाराने चट्ट्यावर रंगाचे थर चढवले. कॉफीचा रंग काही जमला नाही, चहापाशीच अडकला. आता तिथे एक उशी ठेवलेली असते. आल्यागेल्यासमोर विहीणबाई ती उचलतात आणि म्हणतात, "आमच्या सूनबाईंची कामगिरी." मुलगी माहेरी फोन करते. बापाने उचलला तर "आईला द्या" एवढंच म्हणते.

तो अजून कामावर जातो आणि दारात चपला काढतानाच विचारतो, "काय लावलंत?" पिशवीतल्या दोन्ही बाटल्यांवर आता लेबलं आहेत. अक्षर त्याचंच आहे.