मोगऱ्याच्या फाटकाची गाठ

रानबा माळी दोरीला गाठ मारताना लोकांकडे पाठ करून उभा राहत असे. मुठेकाठच्या आमच्या सरदारांच्या बागेत मोगऱ्याला वेगळे कुंपण होते आणि त्याच्या फाटकाला रानबाची ही गाठ. दुसऱ्या कुणी सोडून बांधली, की त्याला लगेच कळे. "पंत, मानूस हात लावल्याबिगर ऱ्हात न्हाई," तो मला म्हणे. मी वाड्यावरचा कारकून. बागेची देखरेख माझ्याकडे होती.

त्याचा संशय सगळ्यांवर. बुलबुलांवर, पूजेला फुले मागणाऱ्या शेजारणींवर, नदीपलीकडच्या बागेच्या माळ्यावर. सर्वांत जास्त कात्रजचे पाणी हौदात आणणाऱ्या खापरी नळावर. "यंदा मोगरा छान येणार," असे कुणी सहज म्हटले, तरी हा डोळे बारीक करून विचारी, "तुमास्नी कोन बोललं?"

पौष सरत आला की मात्र हाच माणूस खुलायचा. कोयती पाजळत बसायचा, चैत्राला किती दिवस उरले ते बोटांवर मोजायचा. त्या वर्षी वाड्यात नव्या सूनबाईंची पहिली चैत्रगौर होती. हळदीकुंकवाला गजरे कमी पडले तर दुसरा माळी पाहा, असे बाईसाहेबांनी मला त्याच्यासमोरच बजावले होते. तो नुसता हसला.

आणि याच गृहस्थाने मोगऱ्याचे पाणी तोडले! पाने पिवळी पडून गळू लागली. मी विचारले, तर म्हणाला, "झोपलाय त्यो. उठवू नगा." त्याच सुमारास नदीपलीकडच्या माळ्याशी कुजबुजताना मी त्याला दोनदा पाहिले. माझ्या मनात पाल चुकचुकली. आमची बाग वाळवून हा तिकडे तर जाणार नाही?

गाठ मला येत होती. मागे तापाने फणफणला असताना त्यानेच ती शिकवली होती. "तुमच्याबिगर कुनाला ठावं न्हाई," असे म्हणाला होता. तो दुपारी भाकरी खायला घरी गेला की मी फाटक उघडे, हौदातून घागरी भरभरून मोगऱ्याला घाली आणि गाठ जशीच्या तशी बांधून ठेवी. असे मी चार दुपारी केले.

आठ दिवसांत मोगरा हिरवागार झाला. मला वाटले, वाचवला. रानबाचा चेहरा मात्र उतरला. "पाला आला. आता फूल कुठलं?" त्याने गाठ निरखली, ती त्याचीच होती. मग त्याने नळावर संशय घेतला. गळती शोधायला एकट्याने कुंपणाकडेची सारी जमीन खणली. मी त्या चराच्या काठावर उभा राहून पाहत होतो. मला लाज वाटत होती, आणि माझी नोकरी जाण्याची भीतीही. मी बोललो नाही.

चैत्रात जेमतेम दोन गजऱ्यांपुरती फुले निघाली. रानबाला काढले. जाताना कोयती माझ्या हातात देऊन म्हणाला, "पौषात पानी तोडा, शिवरातीनंतर छाटून मग सोडा. आन त्या नळावर नजर ठेवा. त्याचा भरवसा न्हाई."

पुढच्या वर्षी मी अक्षरशः तसेच केले. मोगरा असा फुलला, की बागेत पाय ठेवताच वास यावा. पहिली ओंजळ केळीच्या पानात बांधून मी येरवड्याला गेलो; नदीपलीकडच्या बागेत न जाता तो तिथे आपल्या मळ्यावर राहत होता. त्याने एक कळी नखाने उकलून पाहिली, हुंगली, पुन्हा हुंगली.

"पानी कवा सोडलं?"

"शिवरात्रीनंतर. तू सांगितलंस तसं."

"झ्याक."

मग मी सांगून टाकले. चार दुपारी, घागरी, गाठ, सगळे. त्याने उकललेली कळी पानात परत ठेवली.

"म्हंजी नळ गळत नव्हता."

"नाही, रानबा."

"उगाच त्याच्यावर आळ घेतला."

तो रागावला असता तर मला बरे वाटले असते. मला कुंपणापर्यंत सोडायला आला. मी बाहेर पडलो. वळून पाहिले, तर रानबा फाटकाला दोरी बांधत होता, माझ्याकडे पाठ करून.