आलेखावरची उभी खूण

पंचेचाळिशी उलटल्यावर मी रॉटरडॅममध्ये वैद्यकीय संख्याशास्त्र शिकू लागले. वर्गात शंका विचारण्याचा धीर होत नसे, त्यामुळे मला सगळे समजते असा सर्वांचा समज झाला. रुग्णांच्या जगण्याची शक्यता काळानुसार कशी घटते, हे दाखवणारी पायऱ्यापायऱ्यांची रेषा मात्र मी नेटकी काढत असे. कोणी मरण पावले की रेषा एक पायरी उतरायची. कोणी तपासणीला येणेच थांबवले, तर तिथे फक्त एक बारीक उभी खूण: शेवटचे दिसले तेव्हा जिवंत होते, पुढचे ठाऊक नाही. न सांगता निघून जाणारी ही माणसे मला जरा असभ्य वाटत.

त्याच सुमारास यजमानांच्या आतड्यातली गाठ काढावी लागली. ते आइंडहोवनला संगणकाच्या चिप्स बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते. शस्त्रक्रियेनंतर, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मला आधी बाहेर बोलावतील म्हणून मी पर्सचा पट्टा घट्ट धरून बसले होते. डॉक्टरबाईंनी सरळ संगणकाचा पडदा यजमानांकडेच वळवला. पडद्यावर तीच रेषा.

"अरे, ही तर आमची!" यजमान खूश झाले. "आम्ही चिप्स भट्टीत तापवतो आणि किती टिकतात ते बघतो."

"तुम्हाला तापवणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आणि या उभ्या रेघा?"

कोणी न विचारता मी प्रथमच बोलले. "पुढे आलेच नाहीत ते. कोणी गाव सोडलं, कोणी कंटाळलं."

"म्हणजे मेले नाहीत?"

"निदान या आलेखात नाही."

परतीच्या ट्रेनमध्ये त्यांचा निर्णय झालेला होता. "अगं, पुण्याला जाऊ. इथे राहून पायरी उतरायची वाट कशाला बघायची?"

"अहो, खूण मिळाल्याने आयुष्य वाढत नाही."

"कमी तरी कुठे होतं?"

 तपासण्या चुकवणार नाही, एवढे मात्र मी कबूल करून घेतले.

पुण्यातल्या पहिल्याच तपासणीनंतर डॉक्टरांनी मला खुणेने व्हरांड्यात बोलावले. 

"वहिनी, सगळं स्वच्छ आहे," ते हळूच म्हणाले. "पण त्यांना इतक्यात सांगू नका. पथ्य सोडतील."

आतून हाक आली, "काय गं, पायरी की खूण?"

"खूण," मी म्हणाले. शास्त्रीयदृष्ट्या ते अचूक होते.