तेवढा एक शब्द उसवा

ये, अशी जवळ सरक, आणि त्या मोबाईलमधून मान काढ जरा, किती हाका मारायच्या माणसानं. आज कोऱ्या मांजरपाटाच्या खळीचा वास आला आणि नव्वदच्या पुढच्या सालातली एक दुपार आठवली. मिरजगावात माझं शिलाई मशीन होतं. कर्जतच्या कॉलेजला जायला सकाळची एसटी मिळावी म्हणून पोरापोरींनी संघटना काढली होती, रस्त्यावर बसले होते, आणि गाडी सुरू झाली होती. त्यांचा मांजरपाटाचा फलक मीच शिवला. त्यावरची संघटनेच्या नावाची लाल अक्षरं संघटनेतल्या एका मुलीनं माझ्या ओट्यावर बसून हातानं टाचली. पुढं निवडणूक आली तसा त्यांचा पुढारी तो फलक घेऊन आला. "मावशी, यातला 'विद्यार्थी' तेवढा उसवा." मी म्हटलं, "का रं, पास झाला व्हय समदे?" "न्हाई, पक्ष झालो." ती मुलगी मागंच उभी होती. म्हणाली, "मंग माझं काय? मी अजून शिकतीया." "तू शिक की. पक्षाचं आमी बघतो." "रस्त्यावर बसायचं हुतं तवा 'तू शिक' असं न्हाई म्हणलास." त्यानं फलक माझ्यापुढं सरकवला. मी ब्लेड घेतलं आणि टाके काढले. तिनं अक्षरं वेचून दप्तरात ठेवली. त्यानंतर ती त्यांच्या एकाही सभेला गेली नाही. पक्ष दोन निवडणुका टिकला, मग मोठ्या पक्षात गेला. मला एवढंच वाटतं, उसवायच्या आधी मी तिला विचारायला हवं होतं. असो, सुट्टी लागली की लवकर ये, आणि चार दिवस राहायच्या बेतानं ये.