पान लागलं

रत्नपारखी मॅडम कुणाचंही उत्तर पहिल्या फटक्यात मान्य करत नसत. कुणी पुस्तकातलं इंग्रजी वाक्य धडाधड म्हणून दाखवलं, की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "छान पाठ केलंस. आता घरच्या भाषेत सांग." मग भलेभले अडकायचे. माझी भीती उलटी होती. माझ्याकडे घरचीच भाषा होती. शेंद्रा गावच्या आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. तोंड उघडलं की 'लई' आणि 'नाय' बाहेर पडेल, वर्ग हसेल, म्हणून मी शेवटच्या बाकावर गप्प बसायचे.

सदाहरित जंगलाचा धडा त्यांनी पिंपळाच्या पानावर शिकवला. पान आवारातलंच. त्यावर पेलाभर पाणी ओतलं. पाणी पानावर थांबलंच नाही, लांब शेपटावरून टपटप खाली गळालं. "जिथं पाऊस उसंत देत नाही, तिथं पान ओलं राहिलं की त्यावर शेवाळ चढतं आणि ऊन अडतं. म्हणून तिथल्या कितीतरी झाडांच्या पानांना असं शेपूट असतं," त्या म्हणाल्या. मग आल्या फांदीवर उगवणाऱ्या, हवेतला ओलावा मुळांनी शोषणाऱ्या आमरी, म्हणजे ऑर्किड. शेवटी एक चित्र दाखवलं, नुसती पानंच पानं असलेलं. त्यात एक हिरवा साप होता, तो कुणालाच सापडेना, तेव्हा मॅडमनीच त्यावर बोट ठेवलं.

"अश्विनी, तुमच्याकडे याला काय म्हणतात?"

मी उभी राहिले. "आमच्याकडं त्याचं नाव नाय घेत, मॅडम. चावला तरी पान लागलं म्हणतेत."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. पुटपुटल्यासारखं त्यांनी ते दोनदा म्हटलं, "पान लागलं... पान लागलं."

श्रावणात आमची अभ्याससहल आंबोलीच्या जंगलात गेली. आमच्या वाट्याला एवढा पाऊस कधी आलेला नव्हता. खोड दिसेना इतकं शेवाळ, आणि धुकं असं की पुढच्या माणसाची फक्त छत्री दिसायची. मॅडमचं एकच पालुपद चाललेलं, "आधी डोळा, मग हात. इथं जे दिसतं ते तसं असेलच असं नाही."

उतारावर माझा पाय निसटला. सावरायला मी फांदी धरली. अंगठ्याच्या मुळाशी सुई शिरल्यासारखं झालं. फांदीवरचं एक पान हललं, लांब झालं, आणि पुन्हा पानांत मिसळून गेलं. ओरडायला तोंड उघडलं. जो शब्द लहानपणापासून घरात ऐकला होता तोच आला.

"मॅडम, पान लागलं."

"अगं, जंगलात पान नाही लागणार तर काय एसटी लागणार?" मागून वर्गातला तुषार म्हणाला. सगळे हसले. सहलीला सोबत आलेले चौधरी सर पुढे गेले होते, ते तिथूनच ओरडले, "आग्याचं खाजरं पान असेल. चोळू नको, चला!"

मॅडम भिंगातून एक आमरी बघत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कुठलं पान, अश्विनी? पुस्तकातलं की घरचं?"

"घरचं."

हसणं तिथंच थांबलं. त्यांनी मला आधी फांदीपासून दूर नेलं, मग खाली बसवलं. तुषार ब्लेड शोधायला लागला तसं त्यांनी त्याला झापलं, "कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही! पळ, गाडी वर आणायला सांग." हात बघता बघता सुजत होता. नागपंचमीला आईनं भरलेल्या काचेच्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. मॅडमनी त्यांच्याभोवती रुमाल गुंडाळला. फोडते म्हणाल्या नाहीत. "वाढवते हं, बाळ," म्हणाल्या आणि दगडानं अलगद एकेक वाढवली.

घाटात धुक्यामुळे गाडी मुंगीसारखी सरकत होती. माझा हात फळीला बांधून त्यांनी मांडीवर घेतला होता.

"मी मरंल का, मॅडम?"

"या सापानं सहसा माणूस जात नाही, असं मी वाचलंय. पण खात्रीचं डॉक्टरच सांगतील. तोवर तू हात हलवायचा नाही आणि मी बोलायची थांबणार नाही." आणि खरंच त्या थांबल्या नाहीत. शेवाळाला काय म्हणता? आळंब्याला? मी ओठ आवळून उत्तरं देत होते. 

दवाखान्यात डॉक्टरांनी मला ठेवून घेतलं. सूज कोपरापर्यंत चढली आणि तिथं थांबली. सकाळी आई-बाबा पोचले. आईची नजर आधी माझ्या उघड्या मनगटावर गेली.

"मी वाढवल्या," मॅडम म्हणाल्या.

"लेक ऱ्हायली, मॅडम. बांगड्याचं काय घेऊन बसलात!" आई म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

घरी सोडलं त्या दिवशी मॅडम खाटेशी बसून म्हणाल्या, "त्यानं पानाचं रूप घेतलं ते पोटासाठी. तुझ्या आजी-पणजीनं त्याला पान म्हटलं ते भीतीसोबत रोज शेतात जाता यावं म्हणून. जगायला दोघंही शिकले, बघ."

तेव्हापासून मी पहिल्या बाकावर बसते. आजही बोलताना अडखळते, पण बोलते.

यंदा मॅडम निवृत्त झाल्या. त्या बहिणीकडे नागपूरला राहायला जाणार होत्या. निरोपाच्या दिवशी आई बांगड्यांचं पुडकं घेऊन कॉलेजात आली. आयुष्यभर हातात फक्त घड्याळ घातलेल्या मॅडमनी हात पुढे केला आणि आईनं तो हिरव्या चुड्यानं भरला.

फाटकापाशी रिक्षा उभी होती. मॅडम आत बसल्या. "जाते गं, अश्विनी."

मी धीर करून म्हणाले, "मॅडम, आता घरच्या भाषेत सांगा."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. बांगड्या वाजल्या.

"येते," त्या म्हणाल्या.