मत आमचं, सही त्यांची

मंगळवारी दुपारी इथे काशीत आमच्या गल्लीतल्या मराठी बायका जमतात. पोरं किती व्हावीत हे बाईनं ठरवावं आणि मतही तिचं तिनंच द्यावं, हे सांगायला हिंदी बोलणारी एक दीदी येते. किस्से मोरीतल्या भांड्यांसारखे साठतात, घासावेत तेवढे पुन्हा पडतात. सगळ्या हसतात. मीही हसते. मला दोन मुली आहेत, आणि तिसऱ्या खेपेला जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी सांगितलंय. नवरा पंचगंगा घाटावर श्राद्धं सांगतो. दिवसभर दुसऱ्यांच्या पितरांना पाणी पोचवतो, नि आपल्याला कोण देणार म्हणून त्याला मुलगा हवाय.

*

परवा वाईहून सुनेकडे आलेल्या एक काकू बैठकीला बसल्या. दीदी म्हणाली, "हर लड़की को शिक्षा मिलनी चाहिए."

काकू कळवळल्या. "अगं, मुलगी म्हणून जन्मली ती पुरे नाही का? आणखी शिक्षा कशाला?"

दीदीला मी 'शिक्षा'चा मराठीतला अर्थ सांगितला. ती हसली नाही.

*

शेजारची मंदाकिनी. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात, तशी ती वैदेही झाली. मतदार यादीवाला दारात येऊन विचारतो, "मंदाकिनी कौन है?"

सासूबाई आपल्या हिंदीत म्हणाल्या, "मंदाकिनी अब नहीं रही."

त्यानं मान खाली घालून 'मृत' लिहिलं. त्याच्या हातातला चहा मंदाकिनीनंच केलेला.

*

प्रचाराला नेते आले. दीदीनं दवाखान्यासाठी बाई डॉक्टर मागितली. नेते म्हणाले, "हर बहन को सिलाई मशीन देंगे."

वैदेही हळूच म्हणाली, "म्हणजे बाळंतपणातले टाके आता घरीच घालायचे."

*

जेवताना नवऱ्याला विचारलं, "मत कोणाला देऊ?"

"तुझं तू ठरव. मी कशाला अडवीन?"

मग धीर करून मुलं बंद करायच्या ऑपरेशनचं काढलं.

"त्यात तुझं मत कशाला?" म्हणाला, नि आमटी वाढायला सांगितली.

*

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी एकटीच सरकारी दवाखान्यात गेले. नर्स म्हणाली, "पति को लाओ, उनका साइन लगेगा."

कायद्यानं नवऱ्याची सही लागत नाही, हे दीदीनं पाठ करून घेतलेलं. मी मतदानाच्या शाईचं बोटच पुढे केलं. "कल सरकार मैंने अकेले चुनी. तब तो किसी ने पति नहीं माँगा."

तिनं बोट पाहिलं. बाई वाईट नव्हती, बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं.

"सरकार पाँच साल की होती है, बहन. बच्चा खानदान का होता है. पति को लाओ."