खिशातली वायर

अख्ख्या खालापूर तालुक्यात यंत्रावर पूर्ण विश्वास आणि माणसावर काडीचाही नाही, असा एकच गृहस्थ असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा आहे. मामांचा जन्म गेला खोपोलीच्या वीजकेंद्रात. तिथली शिस्त अशी, की दुरुस्ती चालू असेपर्यंत फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा; नाहीतर कोणी शहाणा मध्येच वीज सुरू करायचा. मामा निवृत्त झाले, पण खिसा निवृत्त झाला नाही. एकदा आमचा मिक्सर बघायला आले आणि घराचा मेन फ्यूज खिशात घालून तसेच खोपोलीला परत गेले. आम्ही संध्याकाळपर्यंत पुठ्ठ्यानं वारा घेत बसलो. फोनवर म्हणतात, "शॉक तर नाय ना बसला कुनाला? मग!"

साठीनंतर त्यांना संगणकाचं वेड लागलं. माझ्या संगणकात विंडोजच्या शेजारी त्यांनी लिनक्स नावाची दुसरी कार्यप्रणाली वसवली. "म्हत्त्वाचं काय ते लिनक्सात ठेवा, जावई. तिकडं तुमचा हात कमी जाईल." माझ्याकडे महत्त्वाचं एकच होतं: कर्जत ते नेरळ पट्ट्यातल्या शेतांची नावं. जमिनी विकल्या गेल्या, सोसायट्या उठल्या, म्हणून तीन वर्षं म्हाताऱ्यांच्या ओसऱ्या झिजवून मी ती गोळा केली होती आणि लिनक्सात ठेवली होती. त्यांची दुसरी प्रत काढायचं काम मात्र रोज उद्यावर टाकलं होतं.

एका रविवारी विंडोजमध्ये जागा कमी पडली. डिस्कच्या नकाशात एक भलामोठा बिननावाचा तुकडा दिसला. विंडोजला लिनक्सची जागा वाचताच येत नाही, हे मला काय ठाऊक! पडीक समजून मी तो पुसला आणि वर स्वतःला शाबासकी दिली. संगणक पुन्हा चालू केला, तर काळाकुट्ट पडदा आणि त्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढेच दोन शब्द; सुरू व्हायची वाटच संगणकाला सापडत नव्हती.

मामा आले. आधी संगणकाची वायर काढून खिशात, मग चहा, मग उलटतपासणी. "आपोआप झालं," मी म्हणालो. "जावई, आपोआप फकस्त गवत उगवतं. हात कुठं लावलात?" मी कबूल झालो. सगळी नावं गेली, हेही सांगितलं. मामा शांतपणे बशीतला चहा संपवत म्हणाले, "आवो, बांध मोडलात तुमी. शेत कुनी उचलून नेलं नाय. वर नवीन काय पेरलं नाय ना?"

"नाही."

"मग बसा गप."

वायर खिशातून बाहेर आली. पेन ड्राइव्हवरून संगणक चालू करून मामांनी जुन्या हद्दी शोधणारा प्रोग्रॅम लावला. वालाचं बिरडं आणि भात खाऊन होईस्तोवर तो चाचपडतच होता. अखेर हद्द सापडली, मामांनी बांध पुन्हा घातला, आणि विंडोज की लिनक्स असं विचारणारी ती ओळखीची पाटी पडद्यावर आली. माझ्या डोळ्यांत पाणी.

"उघडा यादी," मामा म्हणाले. त्यांचं बोट पडद्यावरून खाली खाली सरकत एका ओळीवर थांबलं. चिंबोरीचं खाचर. त्यांचंच भाताचं शेत, विकलेलं. तिथं आता सोसायटीचा पोहण्याचा तलाव आहे.

"हितं हाय की," ते म्हणाले, आणि बराच वेळ बोट काही उचललं नाही.

निघताना त्यांनी सवयीनं संगणक बंद केला, वायर काढली, गुंडाळली आणि खिशात घातली. मी बघत होतो. एरवी ओरडलो असतो. कर्जतच्या बाजारातून नवी आणली. जुनी अजून मागितलेली नाही. ती मामांच्या खिशात आहे तोवर त्या खाचराला कुणाचा, निदान माझा तरी, हात लागणार नाही, असं आपलं मला वाटतं.